मुलाखत परवावर आली आणि मुलीला ताप : तारीख बदलून मागावी की तशीच न्यावी?

चिंतातुर पालक :
माझ्या पंधरा वर्षांच्या मुलीची एका निवासी शाळेतील प्रवेशासाठी लेखी परीक्षेतून निवड झाली असून परवा सकाळी तिची प्रत्यक्ष मुलाखत आहे. कालपासून तिला १०१ अंश फॅरनहाइट ताप, कोरडा खोकला आणि अंगदुखी आहे, आवाजही पूर्ण बसला आहे. या मुलाखतीसाठी तिने वर्षभर मनापासून तयारी केली असल्यामुळे ती काहीही झाले तरी जाणारच असा हट्ट धरून बसली आहे. तारीख बदलून मागितली तर मुलगी नाजूक आहे किंवा तिला शाळेची फारशी ओढ नाही असा ग्रह होईल, अशी तिला भीती वाटते; आणि खरे सांगायचे तर तीच भीती मलाही वाटते. शाळेच्या पत्रात आजारपणाविषयी एका अक्षराचाही उल्लेख नाही. अशा वेळी विनंती करणे योग्य ठरेल का, आणि केलीच तर ती कोणत्या शब्दांत करावी? विनंती मान्य झाली नाही, तर आजारी मुलीला मुलाखतीसाठी तयार कसे करावे?

खडूफळा :
मी प्रवेश समितीत अनेक वर्षे काम केले आहे, म्हणून टेबलाच्या त्या बाजूला बसलेल्यांना काय दिसते ते सांगते. मुलगी आजारी आहे हे ज्यांना ठाऊक नसते, त्यांना तिची तुटक उत्तरे, खाली गेलेली नजर आणि प्रश्न पुन्हा विचारायला लावणे एवढेच दिसते, आणि त्याचा अर्थ बहुतेक वेळा निरुत्साह असा लावला जातो. ही नोंद साधारणपणे त्याच दिवशी गुणपत्रकात जाते. त्यानंतर आठवड्याने पालकांचे पत्र आले की मुलीला त्या दिवशी ताप होता, तर समितीला वाईट वाटते, पण करता येण्यासारखे फारसे काही उरलेले नसते. आधी कळवलेले आजारपण ही अडचण मानली जाते. निकालानंतर कळवलेले आजारपण, ते कितीही खरे असले तरी, सबबीसारखे वाटते. म्हणून परवाची वाट पाहू नका, आजच कळवा.

प्रथम कार्यालयात दूरध्वनी करा आणि लगेच ईमेलही पाठवा, म्हणजे लेखी नोंद राहील. मुलगी अल्पवयीन असल्याने पत्र आपणच लिहावे. मजकूर एवढाच पुरे : “माझी मुलगी, अर्ज क्रमांक अमुक, हिची मुलाखत अमुक तारखेला सकाळी आहे. तिला कालपासून ताप व खोकला असून डॉक्टरांचे प्रमाणपत्र सोबत जोडले आहे. मुलाखतीसाठी पुढील तारीख मिळू शकेल का, किंवा ती दूरदृश्य पद्धतीने घेता येईल का? दोन्ही शक्य नसल्यास ठरलेल्या वेळी ती उपस्थित राहील.” शेवटचे वाक्य मात्र डॉक्टरांनी हरकत घेतली नसेल तरच लिहा. त्या वाक्याने मुलीची ओढही कळते आणि निर्णय शाळेच्या हाती राहतो. क्षमायाचनेचे परिच्छेद लिहू नयेत, तिच्या वर्षभराच्या मेहनतीचे वर्णनही नको. त्यामुळे पत्रात दडपण आणल्याचा सूर येतो. नाजूकपणाचा ग्रह होईल ही भीती मनातून काढून टाका. निवासी शाळेत मुलाने आजार लपवून वर्गात बसणे कोणालाच नको असते.

ध्रुवतारा :
वरील सल्ला मला पटतो, पण प्रत्येक शाळेकडे राखीव तारीख असतेच असे नाही, हेही लक्षात ठेवावे. माझ्या स्वतःच्या प्रवेशाच्या वेळी विनंती नाकारली गेली होती आणि मी बसलेल्या घशाने मुलाखत दिली होती, म्हणून दुसऱ्या बाजूनेही लिहितो.

जावेच लागले तर सुरुवातीलाच एका वाक्यात सांगावे : “मला ताप आणि खोकला आहे, त्यामुळे मध्ये थांबून पाणी प्यावे लागेल, चालेल ना?” एवढे बोलून विषय संपवावा आणि पुढे पुन्हा आजाराकडे वळू नये. मी हे वाक्य बोलताच समितीतील एका सदस्यांनी पाण्याचा पेला माझ्याजवळ सरकवला आणि नंतर खोकल्याची उबळ आली तेव्हा सगळे शांतपणे थांबले; तो खोकला तसाच दाबून धरला असता तर माझे अर्धे लक्ष त्यातच अडकले असते. मास्क लावावा आणि हस्तांदोलन टाळावे. आदल्या दिवशी सराव मुलाखती अजिबात घेऊ नयेत, कारण उरलासुरला आवाज त्यातच जातो, आणि कुजबुजून बोलल्यानेही घशावर ताण येऊ शकतो. तिला जे तीन-चार मुद्दे सांगायचेच आहेत ते कागदावर काढून नुसते डोळ्यांखालून घालावेत. उत्तरे लहान पण पूर्ण द्यावीत. दमलेल्या माणसाची लांब वाक्ये मध्येच सुटतात.

बालवैद्य :
तारखेचे जे व्हायचे ते होवो, मुलीला आजच डॉक्टरांना दाखवा; प्रमाणपत्रासाठी तसे जावेच लागणार आहे. धाप लागणे, मान ताठ होणे, असंबद्ध बोलणे किंवा पाणीही पोटात न टिकणे यांपैकी काहीही दिसल्यास मुलाखतीचा विचार बाजूला ठेवून तातडीने उपचार घ्यावेत.

औषधांबाबत पालकांची गफलत होते ती सकाळच्या घाईत. पॅरासिटामॉलचा परिणाम साधारण अर्ध्या ते एका तासात सुरू होतो आणि चार ते सहा तासांत ओसरतो, त्यामुळे पहाटे दिलेली गोळी मुलाखतीच्या वेळेपर्यंत उतरणीला लागलेली असू शकते. मात्रा वजनानुसार डॉक्टरांकडून ठरवून घ्यावी आणि दोन मात्रांमधील अंतर कमी करू नये. सर्दीच्या अनेक मिश्र गोळ्यांमध्ये पॅरासिटामॉल आधीच असते. दोन्ही एकत्र दिल्यास मात्रा नकळत दुप्पट होते आणि यकृताला इजा होऊ शकते. क्लोरफेनिरामिन किंवा डायफेनहायड्रामिन असलेल्या औषधांनी गुंगी येते, म्हणून वेष्टनावरील घटक वाचा. या वयात तापासाठी ॲस्पिरिन देऊ नये, कारण विषाणूजन्य तापात त्यामुळे रे सिंड्रोम हा दुर्मीळ पण गंभीर विकार उद्भवू शकतो. पूर्वी कधी न घेतलेले औषध मुलाखतीच्या सकाळी प्रथमच देणे टाळावे.

आणखी एक. ताप पुष्कळदा सकाळी उतरतो आणि संध्याकाळी चढतो, त्यामुळे परवा सकाळी अंग गार लागले म्हणून ती बरी झाली असे समजू नका. औषधाशिवाय चोवीस तास ताप आला नाही, तरच इतरांमध्ये मिसळणे योग्य. प्रतीक्षागृहात इतर मुलेही मुलाखतीसाठीच बसलेली असतात, हा विचार मला दूरध्वनी करण्यामागचे सर्वांत मोठे कारण वाटतो.

चिंतातुर पालक :
आपण सर्वांनी इतक्या आस्थेने लिहिलेत, मनापासून आभार. डॉक्टरांना दाखवले, विषाणूजन्य ताप आहे, छाती स्वच्छ आहे. ईमेल वरील मजकुराप्रमाणेच पाठवला आणि संध्याकाळी उत्तरही आले : तारीख बदलता येणार नाही, मात्र त्याच वेळी दूरदृश्य मुलाखत घेण्याची त्यांची तयारी आहे. मुलीला वाटते की समोरासमोर न भेटल्याने आपली बाजू कमी पडेल. तिला काय सांगू?

खडूफळा :
तिला सांगा की हा पर्याय शाळेनेच दिला आहे, त्यामुळे तिच्या गुणांवर त्याचे सावट पडण्याचे कारण नाही. कॅमेरा डोळ्यांच्या रेषेत ठेवा, प्रकाश समोरून येऊ द्या आणि कानाला मायक्रोफोन असलेला हेडफोन लावा, म्हणजे बसलेला आवाजही नीट पोहोचेल. खोकला आला की ध्वनी बंद करण्याचे बटण कुठे आहे ते तिने आजच शोधून ठेवावे. मुलाखतीच्या वेळी आपण त्या खोलीत थांबू नका. पालक बाजूला बसून खुणा करताना लगेच लक्षात येते. आणि आज तिला लवकर झोपू द्या.