मदत हवी आहे: ग्रँटवरच्या जादा कामाचे पैसे अडकलेत, शुक्रवारच्या आत उत्तर हवं

गणिताचा_मास्तर
नमस्कार. अमेरिकेत असिस्टंट प्रोफेसर आहे. सप्टेंबरपासून शनिवारी शाळाशिक्षकांच्या कार्यशाळा घेतोय, पाच झाल्या, तीन राहिल्यात. प्रकल्पप्रमुख म्हणाले होते ६,००० डॉलर मिळतील. आता ग्रँट ऑफिसने फॉर्म परत पाठवलाय, 'देता येणार नाही' एवढंच लिहून. शुक्रवारी पेरोल बंद होतो. असे पैसे कोणाला मिळालेत का? कसे?

निळी_छत्री
ग्रँट कोणाची? एनएसएफ (विज्ञान संशोधनाला निधी देणारी अमेरिकी सरकारी संस्था), एनआयएच (तशीच आरोग्य संशोधनाची), की खासगी फाउंडेशन? नेमणूक ९ महिन्यांची की १२? हे कळल्याशिवाय काय सांगणार?

खडकवासला
मी सल्लागार म्हणून घेतले होते. इन्व्हॉइस दिलं, चेक आला. पेरोलच्या वाटेला जाऊच नका.

निळी_छत्री
@खडकवासला, ते दुसऱ्या विद्यापीठाचं काम असणार. स्वतःच्याच विद्यापीठात सहकाऱ्याला दिलेला सल्ला हा नोकरीचाच भाग धरतात, त्याचे वेगळे पैसे नाहीत. फेडरल नियमांत, २ सीएफआर २००.४३० मध्ये, हे स्पष्ट आहे.

खडकवासला
हो, दुसऱ्याच विद्यापीठाचं होतं. पण विचारून बघायला काय हरकत आहे?

देवगडकर
व्हिसा कोणता? एच-१बीवर असाल तर दुसऱ्या मालकाकडून पैसे अजिबात घेऊ नका.

गणिताचा_मास्तर
ग्रीन कार्ड आहे. पैसे आमच्याच विद्यापीठाकडून यायचेत. ग्रँट एनएसएफची, शिक्षणशास्त्र विभागाकडे आहे, मी गणित विभागात. ९ महिने, ८१,००० डॉलर. शुक्रवारचं काहीतरी सांगा प्लीज.

बर्फातला_कोकणी
मग उन्हाळ्यात घ्या की, ९ महिन्यांच्या नेमणुकीत ते महिने पगाराबाहेरच असतात. ८१,००० भागिले ९, म्हणजे महिन्याचे ९,०००. एनएसएफकडून वर्षाला साधारण दोन महिन्यांचा पगार घेता येतो, म्हणजे १८,०००. तुमचे ६,००० त्यात आरामात बसतात.

निळी_छत्री
काम ऑक्टोबरचं आणि पगार जूनचा? एफर्ट रिपोर्टवर, म्हणजे कोणत्या कामाला किती वेळ दिला त्या नोंदीवर, जूनमध्ये काम केलं म्हणून सही कोण करणार? जूनमध्ये खरंच काम असेल तरच घ्या.

बर्फातला_कोकणी
आमच्याकडे सगळे असंच करतात.

निळी_छत्री
करत असतील. ऑडिट आलं की सही करणाऱ्यालाच बोलावतात. मी आठ वर्षं ग्रँट ऑफिसात काढली आहेत, असे खर्च विद्यापीठाला पदरचे भरावे लागलेले पाहिलेत.

सांगलीकर
इकडे भारतात डीएसटीच्या (केंद्राच्या विज्ञान आणि तंत्रज्ञान विभागाच्या) प्रकल्पात नोकरीतल्या मुख्य संशोधकाला वेगळा पगार नसतोच. पैसे जेआरएफला (कनिष्ठ संशोधकाला), उपकरणांना, प्रवासाला. कंपनीची कन्सल्टन्सी असेल तर संस्था आपला वाटा कापून उरलेले देते. तुमच्याकडे निदान उन्हाळा तरी आहे.

निळी_छत्री
मास्तर, मूळ मुद्दा असा. सत्र चालू असताना ग्रँटवर तुमच्या ठरलेल्या पगाराच्या प्रमाणातच खर्च टाकता येतो, त्यावर जादा नाही. अपवाद आहे आणि तुम्ही त्यात बसू शकता: काम दुसऱ्या विभागाचं हवं, नेहमीच्या कामाच्या वरचं हवं, आणि ग्रँटमध्ये ते स्पष्ट लिहिलेलं हवं किंवा एनएसएफची लेखी परवानगी हवी. मंजूर बजेटचं स्पष्टीकरण मागवा आणि त्यात तुमचं काम कसं लिहिलंय ते बघा. ६,००० वर फ्रिंज (विमा, निवृत्तीसारखे लाभ) आणि इनडायरेक्ट कॉस्टही (विद्यापीठाचा वरखर्च) लागते, तेवढे पैसे शिल्लक आहेत का तेही विचारा.

गणिताचा_मास्तर
आत्ताच मागवून पाहिलं. 'सहभागी प्राध्यापकांचे मानधन' एवढी एकच ओळ आहे. शनिवार नाही, गणित विभाग नाही. फार वाईट वाटतंय. शिक्षक दोन-दोन तास गाडी चालवून येतात, त्यांना कार्यशाळा बंद म्हणून कसं सांगू?

निळी_छत्री
बंद करू नका. शुक्रवार मात्र विसरा. प्रकल्पप्रमुखांना आजच लिहा, उरलेल्या तीन कार्यशाळांसाठी परवानगी मागायला सांगा. ती ग्रँट ऑफिसमार्फतच जायला हवी, तुम्ही परस्पर एनएसएफला मेल करू नका. झालेल्या पाचांच्या पैशांसाठी प्रकल्पप्रमुखांना लिहिलेलं तेच पत्र घेऊन डीनना भेटा, विभागाच्या स्वतःच्या निधीतून काही निघतं का बघा. नाहीच जमलं तर वसंत सत्रात एक कोर्स कमी करून मागा.

गणिताचा_मास्तर
कोर्स कमी करण्याचं डोक्यातच आलं नव्हतं. मेल लिहायला बसलोय.

सांगलीकर
कार्यशाळेत अपूर्णांक घेता का? आमच्या जिल्हा परिषद शाळेतल्या बाईंना साहित्य हवंय.

गणिताचा_मास्तर
घेतो. कागदाच्या पट्ट्यांचं आहे, मराठी करून पाठवतो.