प्रभावळकरांचे चित्रपट कोणत्या क्रमाने दाखवावेत?

सर्व सभासदांना सप्रेम नमस्कार,

दिलीप प्रभावळकर यांच्या निवडक चित्रपटांची आणि दूरचित्रवाणी मालिकांतील काही भागांची सत्रे भरवण्याचे कार्यकारिणीने मान्य केले आहे. त्यासाठीच्या परिचयपत्रिकेचा मसुदा मी तयार करत असून त्यातील मुख्य मुद्दा आपल्यापुढे ठेवते. ४ ऑगस्ट १९४४ रोजी जन्मलेल्या या अभिनेत्याने प्रायोगिक रंगभूमी, बालनाट्य, व्यावसायिक नाटक, दूरचित्रवाणी, मराठी चित्रपट आणि हिंदी चित्रपट अशा सर्व क्षेत्रांत काम केले. स्वतःच लिहिलेल्या ‘हसवाफसवी’ या नाटकात ते एकाच प्रयोगात सहा वेगवेगळ्या व्यक्ती उभ्या करत असत. त्यामुळे पत्रिकेत मी त्यांचे वर्णन ‘वेषांतराचा बादशहा’ असे केले आहे आणि रंगभूषेच्या बळावर त्यांनी साकारलेल्या भूमिकांची छायाचित्रे एकाखाली एक द्यावीत असे सुचवले आहे. चित्रपटांचा क्रम प्रदर्शनाच्या सनानुसार, म्हणजे १९९१ च्या ‘चौकट राजा’पासून २०२५ च्या ‘दशावतार’पर्यंत, ठेवावा असे मला वाटते. ज्येष्ठ सभासदांपैकी ज्यांनी त्यांची नाटके प्रत्यक्ष पाहिली आहेत, त्यांनी मसुद्यावर अवश्य लिहावे.

आपली,
परिचयपत्रिकेचे काम पाहणारी सभासद

* * *

सप्रेम नमस्कार,

तुमचा मसुदा मनापासून वाचला आणि तो परिश्रमपूर्वक तयार केला आहे हे जाणवले. मात्र ‘वेषांतराचा बादशहा’ या वर्णनाला माझी स्पष्ट हरकत आहे. ती केवळ एका विशेषणाविषयी नसून या अभिनेत्याकडे आपण कसे पाहतो याविषयी आहे, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

प्रभावळकरांची ओळख रंगभूषेशी जोडली जाण्याचे कारण उघड आहे. रत्नाकर मतकरींच्या ‘अलबत्या गलबत्या’ या बालनाट्यातील चेटकीण त्यांनी केली. पुढे अनेक वर्षांनी नव्या संचात हीच भूमिका वैभव मांगले यांनी केली, तेव्हा पुरुष नटाने चेटकीण करण्याची ती परंपरा नव्या पिढीच्या मुलांनीही पाहिली. ‘हसवाफसवी’त तर स्त्रीपात्रापासून वयोवृद्ध संगीत नटापर्यंतचा पल्ला होता. तरीही ज्यांनी त्या नाटकातील कृष्णराव हेरंबकर पाहिले आहेत, त्यांना विचारा. संगीत रंगभूमीचे वैभव अंगावर झेललेला आणि आता शरीराने थकलेला तो गायक नट प्रेक्षकांच्या मनात राहिला तो त्याच्या बोलण्यामुळे, वाक्य अर्ध्यावर सोडून जुन्या दिवसांत हरवून जाण्यामुळे आणि सुराची जागा आठवताना चेहऱ्यावर येणाऱ्या उजळपणामुळे. दुसऱ्या एखाद्या नटाला तीच मिशी, तोच टोप आणि तीच काठी दिली असती, तर फार तर नकलेपर्यंत पोहोचता आले असते.

माझे म्हणणे असे की, या अभिनेत्याच्या सर्वांत मोठ्या भूमिका नेमक्या तिथे आहेत, जिथे रंगभूषा त्यांच्या मदतीला येऊच शकत नव्हती.

पहिले उदाहरण ‘झपाटलेला’चे. महेश कोठारे यांच्या १९९३ च्या या चित्रपटात तात्या विंचू हा गुन्हेगार मरता मरता मंत्राच्या बळावर एका बाहुल्यात शिरतो, आणि त्यानंतर चित्रपटभर आपल्याला दिसतो तो रामदास पाध्ये यांचा बाहुला. म्हणजे ज्या भूमिकेमुळे दोन-तीन पिढ्यांतील मुले रात्री दिवा लावून झोपली, त्या भूमिकेचा बहुतेक भाग या नटाने केवळ आवाजावर पेलला आहे. त्या आवाजात खर्ज आहे, लाडीगोडी आहे आणि क्षणात फुटणारा संतापही आहे. बाहुल्याच्या चेहऱ्यावर भाव उमटत नाहीत, पण ऐकणाऱ्याला ते दिसल्याचा भास होतो. पाध्ये यांचे हस्तकौशल्य आणि प्रभावळकरांचा आवाज यांतले कोणतेही एक वजा केले, तर तात्या विंचू उरत नाही.

दुसरे उदाहरण ‘चौकट राजा’चे. संजय सूरकर दिग्दर्शित या चित्रपटातील नंदू हा लहानपणीच्या अपघातामुळे मनाने मूलच राहिलेला प्रौढ पुरुष आहे. अशा भूमिकेत नटाला मोह होतो तो लक्षणांचा. मान वाकडी करावी, बोट तोंडात घालावे, शब्द अडखळावेत आणि प्रेक्षकाच्या डोळ्यांत पाणी आणावे, हा मार्ग सोपा असतो. प्रभावळकरांचा नंदूही अडखळतो, पण त्याच्या अडखळण्यामागे काहीतरी सांगण्याची घाई असते. त्याला राग येतो, हट्ट सुचतो, बालपणीची मैत्रीण पुन्हा भेटल्याचा आनंद त्याच्या अंगात मावत नाही आणि आपल्यामुळे तिच्या संसारात काही बिनसते आहे हे त्याला त्याच्या पद्धतीने कळते. सुलभा देशपांडे यांनी केलेली आई आणि हा नंदू यांच्यातील प्रसंग पाहा. आईचा थकवा आणि मुलाचे अवलंबून असणे या दोन्ही गोष्टी एकमेकांवर कुरघोडी न करता तिथे नांदतात. कीव करण्याजोगा नंदू उभा करणे सोपे होते. ज्याचा सहवास हवासा वाटावा असा नंदू त्यांनी उभा केला.

तिसरे उदाहरण मला सर्वांत अवघड वाटते. ‘लगे रहो मुन्नाभाई’ या २००६ च्या चित्रपटात त्यांनी गांधीजी केले. इथे अडचण उलटी होती. ज्यांचा चष्मा, चालणे आणि उपरणे नाण्या-नोटांपासून शाळेतील भिंतीपर्यंत सर्वत्र आहे, अशा व्यक्तीचे बाह्य रूप आयते मिळते आणि नट त्या रूपाखाली दबून जातो. शिवाय या चित्रपटातील गांधीजी इतिहासातले नाहीत. ते मुन्नाच्या मनातले आहेत आणि मुन्नाला जे ठाऊक नाही त्याचे उत्तर त्यांनाही देता येत नाही, हे कथेतच पुढे उघड होते. म्हणजे नटाला गांधीजींचे गांभीर्य ठेवायचे होते आणि त्याच वेळी एका टपोरी माणसाच्या कल्पनेतील प्रेमळ वडीलधारा माणूसही व्हायचे होते. त्यांनी उपदेशाचा सूर पूर्णपणे टाळला. ते हळू बोलतात, ऐकताना समोरच्याकडे रोखून न पाहता किंचित हसतात आणि मुन्नाने चुकीचा मार्ग धरला तरी त्याच्यावर आवाज चढवत नाहीत. संजय दत्त यांच्यासारख्या धिप्पाड नटाच्या शेजारी ही छोटी, शांत आकृती चित्रपटाचे वजन सांभाळते. या भूमिकेसाठी आणि त्याच वर्षीच्या गजेंद्र अहिरे यांच्या ‘शेवरी’ या मराठी चित्रपटातील भूमिकेसाठी मिळून त्यांना सर्वोत्कृष्ट सहायक अभिनेत्याचा राष्ट्रीय पुरस्कार देण्यात आला. एक भूमिका देशभर पोहोचलेली आणि दुसरी तुलनेने फार थोड्यांनी पाहिलेली, अशा दोहोंचा एकत्र विचार परीक्षकांनी केला याचे मला आजही समाधान वाटते.

दूरचित्रवाणीविषयी मसुद्यात एकच परिच्छेद आहे, तो वाढवावा अशी विनंती आहे. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस, घराघरांत संच नसताना आणि शेजारपाजारची माणसे एका खोलीत दाटीवाटीने बसत असताना, चिं. वि. जोशी यांचा चिमणराव त्यांनी मुंबई दूरदर्शनवर उभा केला. बाळ कर्वे यांचा गुंड्याभाऊ आणि त्यांचा चिमणराव ही जोडी इतकी पक्की बसली की, पुस्तक वाचतानाही अनेकांना हेच दोघे दिसू लागले. चिमणरावाचा भित्रेपणा आणि त्यावर पांघरलेला शहाणपणाचा आव त्यांनी दाखवला, पण त्या माणसाला हास्यास्पद ठरवले नाही. त्यानंतर ‘साळसूद’ या मालिकेत त्यांनी खलप्रवृत्तीचा माणूस रंगवला. चिमणरावाच्या लोकप्रियतेवर आयुष्य काढता आले असते, असा काळ तो होता. त्यांनी ते केले नाही, ही गोष्ट पत्रिकेत आवर्जून यावी.

‘श्रीयुत गंगाधर टिपरे’ ही मालिका २००१ मध्ये सुरू झाली तेव्हा प्रभावळकर ५७ वर्षांचे होते आणि त्यांनी साकारलेले आजोबा, म्हणजे आबा, त्यांच्याहून बरेच वयस्कर. या मालिकेचे मूळ त्यांच्याच ‘अनुदिनी’ या लेखनात होते, हे अभिनयाच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे, कारण आबांच्या बोलण्यातील लय आधी त्यांच्या लेखणीतून उतरली आणि मग जिभेवर आली. शेखर, श्यामला, शलाका आणि शिऱ्या यांच्या घरात हा म्हातारा कुणावर हुकूमत गाजवत नाही की कोपऱ्यात पडूनही राहत नाही. केदार शिंदे यांच्या दिग्दर्शनात मध्यमवर्गीय घरातले क्षुल्लक प्रसंग विषय झाले आणि आबांच्या नजरेतून ते पाहताना घरातल्या प्रत्येकाची बाजू कळत गेली. आपल्यापैकी कित्येकांचे आईवडील मायदेशी एकटे राहतात. ही मालिका आपण पाहताना मन का भरून येते, हे वेगळे सांगायला नको.

म्हणून पत्रिकेत छायाचित्रांची रांग लावण्याऐवजी त्यांच्या आवाजाविषयी, निरीक्षणाविषयी आणि लेखनाविषयी लिहावे.

आपला,
एक ज्येष्ठ सभासद

* * *

आदरणीय काका,

आपले पत्र दोनदा वाचले. ‘वेषांतराचा बादशहा’ हे शब्द मी काढून टाकत आहे. मात्र एका ठिकाणी आपल्याशी पूर्ण सहमत होता येत नाही, आणि ते ठिकाण ‘दशावतार’ हे आहे.

सुबोध खानोलकर दिग्दर्शित या चित्रपटात त्यांनी बाबुली मेस्त्री हा कोकणातील वृद्ध दशावतारी कलावंत केला; चित्रपट प्रदर्शित झाला तेव्हा ते ८१ वर्षांचे होते. दशावतारी कलावंत स्वतःची रंगभूषा स्वतः करतो, त्याच्या हाती लिखित संहिता नसते आणि रात्रभर चालणाऱ्या खेळात तो पखवाज, पेटी आणि झांजेच्या साथीवर संवाद ऐन वेळी रचत जातो. त्या परंपरेत तोंडाला रंग लागणे हा नटाच्या देवत्वाचा आरंभ असतो. त्यामुळे रंगभूषा ही अभिनयाच्या बाहेरची, वरून चढवलेली वस्तू आहे, असे या भूमिकेपुरते तरी म्हणता येणार नाही. दृष्टी मंदावत चाललेला, मुलाच्या काळजीने खेळ सोडायला निघालेला बाबुली आणि रंग चढल्यावरचा बाबुली यांतले अंतर हाच त्या चित्रपटाचा प्राण आहे, आणि ते अंतर दिसण्यासाठी दोन्ही टोके तितकीच ताकदीची असावी लागतात. आपण आवाजाविषयी जे लिहिले आहे ते इथेही खरे ठरते; फक्त रंगाला त्यातून वगळू नये, एवढीच माझी विनंती आहे.

आपल्या पत्रात न आलेल्या दोन भूमिकांचा समावेश मी करत आहे. ‘देऊळ’ या २०११ च्या चित्रपटातील अण्णा हे गावात रुग्णालय व्हावे म्हणून धडपडणारे सुशिक्षित गृहस्थ आहेत आणि गाव देवळाकडे वळत जाताना त्यांचे एकटे पडणे प्रभावळकरांनी फार थोड्या शब्दांत दाखवले आहे. दुसरी भूमिका २०१३ च्या ‘नारबाची वाडी’तील नारबाची. मनोज मित्र यांच्या बंगाली नाटकावर आधारलेल्या या चित्रपटात नारबा मेल्यावर वाडी आपली होईल या आशेने खोत त्याला पैसे देत राहतो आणि नारबा मात्र जगत राहतो. बाबुली आणि नारबा हे दोघेही कोकणातले म्हातारे, पण एकाचे शरीर मातीला घट्ट धरून बसलेले आणि दुसऱ्याचे रंगमंचावर झेपावण्यासाठी आतुर; ही दोन शरीरे एकाच नटाची आहेत हे पाठोपाठ पाहिल्यावरच नीट कळेल.

सनानुसार क्रम लावण्याचा हट्ट मी सोडते. पहिल्या सत्रात ‘चौकट राजा’ आणि चिमणरावाचा एखादा उपलब्ध भाग, दुसऱ्या सत्रात मुलांसह ‘झपाटलेला’, तिसऱ्या सत्रात टिपऱ्यांच्या घरातील दोन भाग आणि ‘लगे रहो मुन्नाभाई’, आणि अखेरच्या सत्रात ‘नारबाची वाडी’ला लागूनच ‘दशावतार’ असा क्रम कार्यकारिणीकडे पाठवत आहे. ‘देऊळ’ आणि ‘शेवरी’ यांपैकी एकालाच जागा उरते. ‘देऊळ’ आपल्याकडे अनेकांनी पाहिलेला असल्यामुळे माझे मत ‘शेवरी’च्या बाजूने आहे; त्याला कुणाची हरकत असल्यास कृपया बैठकीपूर्वी कळवावे. रंगभूमीवरील कामाचा परिच्छेद मात्र आपणच लिहून द्यावा. मतकरींच्या ‘आरण्यक’मधील विदुर त्यांनी सत्तरच्या दशकात केला आणि २०१८ मध्ये पुन्हा तीच भूमिका घेऊन ते उभे राहिले. तरुण वयात केलेला वृद्ध विदुर आणि खऱ्या वार्धक्यातला विदुर यांविषयी तो परिच्छेद असावा अशी माझी इच्छा आहे.

आपली,
परिचयपत्रिकेचे काम पाहणारी सभासद