मदत हवी आहे: श्वासाकडे लक्ष दिलं की छाती आवळते

नमस्कार मंडळी. मी खानापूर तालुक्यातली. ऑनलाइन ८ आठवड्यांचा एमबीएसआर (ताण कमी करण्यासाठी सजगतेचं ध्यान) कोर्स करतेय, तोच जो जॉन कबात-झिन यांनी १९७९ मध्ये मॅसॅच्युसेट्सला सुरू केला. निम्मा झालाय. आडवं पडून बॉडी स्कॅन, म्हणजे शरीराच्या एकेका भागाकडे लक्ष नेणं, छान जमतो, मन खरंच हलकं होतं. पण बसून श्वासाकडे लक्ष दिलं की तो आपोआप चालत नाही, मीच ओढून घेतेय असं वाटतं. छाती आवळते, भीती वाटते.

डोळे उघडे ठेवले, खुर्चीवर बसले, वेळ कमी केला, फरक नाही. चालत ध्यान करताना मात्र त्रास होत नाही. डॉक्टरांनी तपासलंय, दमा किंवा हृदयाचं काही नाही. शिक्षिकेला विचारावं तर पावसात लाइट आणि रेंज नेमकी प्रश्नोत्तरांच्या वेळी जाते. मेलला ‘सराव चालू ठेवा’ एवढंच उत्तर आलं.

सासूबाई अंथरुणाला खिळून आहेत, त्यामुळे विपश्यनेचं १० दिवसांचं शिबिर शक्य नाही. बेळगावात रविवारी प्रत्यक्ष वर्ग असेल तर येईन.

असा त्रास कुणाला झालाय का? तेव्हा श्वासाऐवजी आवाजांवर किंवा जमिनीला टेकलेल्या पावलांवर लक्ष ठेवून कोर्स पूर्ण केलात, की मध्येच थांबलात? आणि नंतर श्वासाकडे परत येता आलं का?