फ्रेंच प्रेस मिळालाय, पण कपात गाळच फार. कॉफी कुठली, दळायची कशी?

होटगीरोडकर
मंडळी, सल्ला हवाय. घरात कॉफी पिणारे दोघंच, मी नि आई. बाकी सगळं चहाचं खानदान. काचेचा ३५० मिलीचा फ्रेंच प्रेस (जाळी लावलेला दांडा दाबून कॉफी गाळायचं भांडं) आलाय भेट. घरातली नेहमीची फिल्टर कॉफीची पावडर घालून केली तर दांडा खाली जाता जात नाही आणि कपाच्या तळाशी चिखल. भांडं बदलू की पावडर? ग्राइंडरला दीड-दोन हजार घालायची तयारी आहे. पाणी बोअरचं किंवा आरओचं. आईला दुधाशिवाय चालत नाही, तेही लक्षात घ्या.

पूर्वभाग_फिल्टर
भांड्याचा काही दोष नाही ओ, पावडर बदला. फिल्टरची पावडर बारीक असते, कारण तिथं काढा थेंब थेंब उतरायचा असतो. प्रेसच्या जाळीतून तीच पावडर निम्मी खाली येते नि उरलेली जाळी बुजवते. वर चिकोरी (कॉफीत मिसळतात ती भाजलेल्या मुळांची पूड) असणार. पाकिटावर प्रमाण छापलेलं असतं, बघा. आमच्याकडं सकाळची फिल्टर कॉफी चिकोरीचीच होते आणि होत राहणार, त्यावर वाद नको. पण प्रेसला निव्वळ कॉफी, तीही जाडसर. आणि दांडा अडला तर जोर लावू नका, उकळतं पाणी उसळून हातावर येतं.

जुळे_सोलापूर
वरच्यांशी सहमत. दळण्याबद्दल माझं मत जरा वेगळं पडेल: दीड-दोन हजारांचा हातग्राइंडर घेऊच नका. त्या किमतीतले बहुतेक ग्राइंडर बारीक दळायला ठीक असतात, जाड दळताना आतली दांडी हलते आणि अर्धं भरड, अर्धं पीठ पडतं. त्याऐवजी दळूनच मागवा. ब्लू टोकाईसारख्या कॉफी विकणाऱ्या कंपन्यांकडे ऑर्डर देताना ‘फ्रेंच प्रेस’ हा पर्याय निवडता येतो. पुडा २५० ग्रॅमचाच घ्या, भाजल्याची तारीख बघा, आणि उघडला की महिन्याच्या आत संपवा. आपल्या उन्हाळ्यात ओट्यावर गॅसशेजारी डबा ठेवलात तर तेवढाही टिकायचा नाही. उद्यान एक्सप्रेसनं कुणी बेंगळुरूला जाणारं असेल तर त्यांना सांगा. तिथं समोर दळून देणारी दुकानं आहेत. ‘चिकोरी नको, जाड दळा’ एवढं बजावून सांगायचं.

घरी बिया असतीलच तर मिक्सरचं छोटं भांडं थांबत थांबत फिरवा आणि पिठाच्या चाळणीतून वरचेवर चाळा. खाली पडेल ते पीठ फिल्टरला वापरा. जाडी लापशीच्या रव्याइतकी. शेंगाचटणीचं भांडं मात्र घेऊ नका, लसणाचा वास कितीही घासलं तरी जात नाही.

आता कृती. ३५० मिलीच्या प्रेसला २० ग्रॅम कॉफी, ३०० मिली पाणी. प्रेस आधी गरम पाण्यानं विसळा. सोलापूर समुद्रसपाटीपासून साधारण साडेचारशे मीटरवर, त्यामुळे पाणी इथं ९८-९९ अंशांलाच उकळतं; गॅस बंद करून अर्धा मिनिट थांबलात की पुरे. पाणी ओता, ४ मिनिटं हात लावू नका. वर कॉफीची साय धरेल, ती चमच्यानं मोडा, फेस काढून टाका. मग आणखी ५ मिनिटं तशीच ठेवा, गाळ आपोआप बसतो. निवेल असं वाटत असेल तर टॉवेल गुंडाळा, सोलापुरात टॉवेलला काय तोटा. दांडा तळापर्यंत दाबायचाच नाही, जाळी कॉफीच्या पृष्ठभागाखाली गेली की थांबा नि हळू ओता. शेवटचा घोट प्रेसमध्येच राहू द्या.

बाळीवेस_चहावाला
नऊ मिनिटांत माझे दोन चहा नि एक पानपट्टी होते बे. चालू द्या.

आरओ_मिस्त्री
पाण्याचं कुणीच बोललं नाही म्हणून लिहितो. बोअरचं जड पाणी कॉफीतला आंबटपणा मारून टाकतं, चव मळकट लागते. उलट आरओनं टीडीएस (पाण्यात विरघळलेल्या क्षारांचं प्रमाण) २०-३० वर आणलेलं असेल तरी कॉफी नीट उतरत नाही. १०० ते १५० च्या आसपास चांगलं. बऱ्याच मशिनांना टीडीएसचा स्क्रू असतो, सर्व्हिसवाल्याकडून तो सेट करून घ्या. नसेल तर आरओच्या पाण्यात नळाचं थोडं मिसळून उकळा.

होटगीरोडकर
दुधाचं राहिलं! आणि बाबाही आता चव घेतो म्हणतायत. त्यांचं कोलेस्टेरॉल वाढलंय, चालेल का?

जुळे_सोलापूर
आईंसाठी कॉफी २० ग्रॅमच, पाणी २०० मिली, भाजणी जरा गडद. दूध वेगळं उकळून कपात घाला. प्रेसमध्ये दुधातच कॉफी भिजवू नका, सायीनं जाळी चिकट होते नि वास धरते. जाळी दर वेळी सुटी करून धुवा, कॉफीचं तेल तिथंच खवट होतं. चोथा मोरीत नको, कुंडीत.

काकांचं मात्र जपून. न गाळलेल्या कॉफीत कॅफेस्टॉल नावाचा तेलकट घटक राहतो, तो वाईट कोलेस्टेरॉल, म्हणजे एलडीएल वाढवतो. धातूच्या जाळीतून तो सुटतो, कागदात बराचसा अडकतो. त्यांचा कप कागदी फिल्टरमधून गाळून द्या, आणि रोजची करायची असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

पूर्वभाग_फिल्टर
मे महिन्यात गरम कॉफी कोण पितंय! ३० ग्रॅम जाड कॉफी, ३०० मिली थंड पाणी, ढवळायचं, दांडा वरच ठेवून रात्रभर फ्रिजमध्ये. सकाळी हलकं दाबून गाळा, बर्फ घाला. आईंना यातही थंड दूध चालेल, साखर मात्र आधी थोड्या गरम पाण्यात विरघळवून घ्या, नाहीतर तळाशी तशीच राहते.