'डिजिटल केबल'मधलं 'डिजिटल' कोणाचं विशेषण?

प्रश्न: टीव्हीचा आवाज जुन्या ॲम्प्लिफायरवर घ्यायचाय. ॲम्पच्या मागे नारिंगी सॉकेट आहे, त्यावर 'डिजिटल कोॲक्सियल' लिहिलंय. घरात डीव्हीडी प्लेअरची लाल-पांढरी-पिवळी वायर पडून आहे. दुकानदार म्हणतो, "ती ॲनालॉग, डिजिटल वेगळी घ्यावी लागेल." वायरीत असा भेद असतो का? आणि कोॲक्सियल म्हणजे नेमकं काय?

प्रतिसाद: 'डिजिटल' हे विशेषण सिग्नलचं, वायरीचं नव्हे. कोॲक्सियल म्हणजे मधली तार आणि तिच्याभोवतीची जाळी, दोन्हींचा अक्ष एकच. मराठीत 'समाक्ष' म्हणता येईल, पण दुकानात मागून बघा! डिशची वायरही याच घडणीची. बघायचं ते ७५ ओहम, म्हणजे वायरीचा इम्पिडन्स (वेगाने बदलणाऱ्या सिग्नलला वायर दाखवते तो अडथळा). ते जुळलं नाही तर सिग्नलचा काही भाग टोकावरून उलटा फिरतो. पिवळी पिन व्हिडिओची, म्हणून तिची वायर ७५ ओहमची असायला हवी. तीच लावून बघा. लाल-पांढऱ्याला ती अट नसते, तरी मीटर-दीड मीटरला बहुधा त्याही चालून जातात. आणि डिजिटल सिग्नल बिघडला की आवाज तुटतो, टकटक होते किंवा बंदच पडतो. महागड्या वायरीने 'बास खुलतो' वगैरे सोडून द्या.

प्रतिसाद: आधी टीव्हीला कोॲक्सियल आउट आहे का ते बघा. हल्ली बहुतेकांना ऑप्टिकलच असतं, म्हणजे टॉसलिंक. हे नाव तोशिबावरून आलं, १९८३ सालचं. प्लास्टिकच्या तंतूतून लाल प्रकाश जातो. टीव्ही चालू करून टोक बघितलं तर दिसतो. वीज जातच नाही, म्हणून अर्थिंगची घूं-घूं या वाटेने ॲम्पमध्ये शिरत नाही. फक्त पिनेवरची बारीक टोपी काढायला विसरू नका, आणि कपाटामागे काटकोनात दुमडू नका. ॲम्पला ऑप्टिकल नसेल तर मध्ये ऑप्टिकल-टू-कोॲक्सियल कन्व्हर्टरची डबी लागेल.

प्रश्नकर्ता: टीव्हीला ऑप्टिकलच निघालं. दुकानदार आता 'एआरसीवाली केबल' घ्या म्हणतोय.

प्रतिसाद: अशी वेगळी जात नाही. एआरसी म्हणजे ऑडिओ रिटर्न चॅनल. एचडीएमआयमध्ये चित्र-आवाज टीव्हीकडे येतो. टीव्हीतला आवाज त्याच वायरीने उलट ॲम्पकडे जातो, म्हणून 'रिटर्न'. ही सोय २००९च्या एचडीएमआय १.४ पासूनची, आणि ती सॉकेटची असते. साधी धड एचडीएमआय वायर पुरते. ई-एआरसीला, म्हणजे एआरसीच्या सुधारित आवृत्तीला, मात्र 'विथ इथरनेट' किंवा 'अल्ट्रा हाय स्पीड' छापलेली घ्यावी. तुमच्या ॲम्पला एचडीएमआयच नसेल तर हा खर्च पाण्यात.

प्रतिसाद: कन्व्हर्टर लावल्यावर टीव्हीच्या सेटिंगमध्ये डिजिटल आउट 'पीसीएम' करा, म्हणजे साधा, न आवळलेला डिजिटल आवाज. 'बिटस्ट्रीम' (म्हणजे डॉल्बीसारख्या पद्धतीने आवळलेला आवाज तसाच पुढे) ठेवलंत आणि ॲम्पला डॉल्बी कळत नसेल, तर नुसती खरखर येईल किंवा काहीच ऐकू येणार नाही, आणि दोष मात्र वायरीला जाईल.