संगणक सुरूच होईना, तेव्हा तुम्ही काय केलंत?

मंडळी, बटण दाबलं आणि काहीच नाही. किंवा पंखा फिरतोय पण पडदा काळा. किंवा ते ठिपक्यांचं चक्र फिरतंय ते फिरतंयच. दुरुस्तीला नेलं की ठरलेलं उत्तर: "फॉरमॅट मारावा लागेल." मला हे पटत नाही, कारण पुष्कळदा अडचण विंडोजपर्यंत पोचलेलीच नसते. तेव्हा अनुभव लिहा, फक्त गाडी नेमकी कुठे अडली ते आधी सांगा. दिवा लागला का, पंखा फिरला का, लोगो आला का, लोगोनंतर काय झालं? नुसतं "बंद पडला, मग चालू झाला" वाचून कोणाला काही कळत नाही.

सुरुवात मीच करतो. डेस्कटॉप, पंखे फिरतायत, डिस्प्ले नाही. आधी नमलॉक दाबून पाहिलं. त्याचा दिवा लागत-विझत असेल तर मशीन आतून बहुधा जागं आहे, मग मॉनिटर, केबल, ग्राफिक्स कार्ड तपासावं. माझा दिवा ढिम्म. मग वायर काढली, पॉवरचं बटण थोडा वेळ दाबून धरलं (उरलासुरला चार्ज निघून जातो), खिट्ट्या उघडून दोन्ही रॅम काढल्या. सोनेरी पट्ट्यांवर काळपट थर होता, तो खोडरबराने हलकेच पुसला. आता एकेकच रॅम लावून पाहिली. दोन्ही एका स्लॉटमध्ये चालल्या, दुसऱ्यात एकही नाही. म्हणजे रॅम ठणठणीत, स्लॉटमध्ये धूळ. फुंकणीने ती उडवली आणि काम झालं. रॅम बसवताना खिट्टी "टक्" करून आपोआप मिटली पाहिजे, अर्धवट बसलेली रॅम नुसती बघून ओळखू येत नाही.

---

खोडरबराला माझा विरोध. कण स्लॉटमध्ये पडतात आणि पट्टीवरचा सोन्याचा मुलामा आधीच पातळ असतो. आयसोप्रोपिल अल्कोहोल कापडावर घेऊन पुसा, पूर्ण वाळू द्या, मग लावा. बाकी एकेक रॅम लावून बघण्याबद्दल शंभर टक्के सहमत.

---

माझं मशीन लोगोपर्यंत नीट जायचं, मग निळा पडदा: "इनॲक्सेसिबल बूट डिव्हाइस". सगळे म्हणत होते हार्ड डिस्क गेली. पण बायोसमध्ये (विंडोजच्या आधी चालणारा, मदरबोर्डच्या सेटिंगचा पडदा) शिरले तर तारीख कित्येक वर्षं मागे गेलेली! तिथेच उलगडा झाला. मदरबोर्डवर सीआर 2032 नावाचा 3 व्होल्टचा नाण्यासारखा सेल असतो. तो संपला की वायर काढल्यावर घड्याळ मागे पडतं आणि बऱ्याच बोर्डांवर बायोसच्या सेटिंगही मूळपदावर जातात. माझ्या बोर्डाचं साटा मोडचं, म्हणजे डिस्कशी बोलण्याच्या पद्धतीचं, मूळपद रेड होतं आणि विंडोज टाकलेलं होतं एएचसीआय या दुसऱ्या पद्धतीवर. नवा सेल टाकला, मोड परत एएचसीआय केला, निळा पडदा गेला. फॉरमॅट मारला असता तर सेल संपलेलाच राहिला असता आणि पुढच्या वेळी वायर काढली की पुन्हा तेच!

---

अगदी छोटा अनुभव. बटण दाबलं तरी काहीच नाही, पण बोर्डवरचा बारीक दिवा चालू. म्हणजे वीज आत येतेय. कॅबिनेटच्या बटणाच्या दोन बारीक वायरी बोर्डवरून काढल्या आणि त्याच दोन पिनांना स्क्रूड्रायव्हरचं टोक क्षणभर टेकवलं. मशीन सुरू! बिघाड फक्त बटणात होता. मॅन्युअलमध्ये पॉवर स्विचच्या पिना बघून घ्या, भलत्याच पिनांना टेकवू नका.

---

नवीन मशीन जोडणाऱ्यांसाठी: डीडीआर 5 रॅम असेल तर पहिल्यांदा सुरू करताना पडदा काही मिनिटं काळाच राहू शकतो. बोर्ड तेव्हा रॅमशी वेळेचा मेळ बसवत असतो, त्याला मेमरी ट्रेनिंग म्हणतात. लोक घाबरून मध्येच बंद करतात आणि ते पहिल्यापासून सुरू होतं. हात बांधून बसा. आणि मॉनिटरची केबल ग्राफिक्स कार्डात आहे ना, की मदरबोर्डात, हेही बघा. हे सांगायला लाज वाटते पण सांगावं लागतं.

---

लोगोनंतर अडकणाऱ्यांना माझा सल्ला. विंडोज 10 किंवा 11 लागोपाठ दोन-तीनदा नीट सुरू झालं नाही की ते स्वतःहून दुरुस्तीच्या पडद्यावर जातं. तिथून प्रगत पर्याय, स्टार्टअप सेटिंग्ज, सेफ मोड (अगदी गरजेपुरतंच विंडोज सुरू होतं). सेफ मोडमध्ये सुरू झालं तर संशय ड्रायव्हरवर (हार्डवेअर चालवणारं छोटं सॉफ्टवेअर) किंवा नुकत्याच टाकलेल्या सॉफ्टवेअरवर. ते काढायचं. अपडेटनंतर बिघडलं असेल तर अपडेट काढण्याचा पर्याय त्याच पडद्यावर मिळतो.

जुलै 2024 मध्ये एका सुरक्षा सॉफ्टवेअरच्या सदोष अपडेटने जगभरातले सुमारे 85 लाख विंडोज संगणक निळ्या पडद्यावर अडकले होते. आमच्या ऑफिसातही तेच. उपाय साधा, सेफ मोडमध्ये जाऊन एक फाइल पुसायची. पण डिस्कवर बिटलॉकर (विंडोजचं डिस्क-कुलूप) होतं, त्यामुळे प्रत्येक मशीनला 48 आकडी रिकव्हरी की हवी. एक जण आकडे मोठ्याने वाचतोय, दुसरा टाइप करतोय, मध्येच एक चुकला की पुन्हा तपासा. तेव्हा ही की आजच शोधून कागदावर उतरवा. वैयक्तिक लॅपटॉप असेल तर बहुधा मायक्रोसॉफ्टच्या खात्यात सापडेल. बायोसमधली सेटिंग बदलली तरी ती अचानक मागितली जाऊ शकते.

---

लिनक्सवाले कोणी? उबुंटूवर पासवर्ड बरोबर टाकला तरी पुन्हा लॉगिनचाच पडदा. डिस्क काठोकाठ भरली होती, लॉगिनला लागणाऱ्या छोट्या फाइलींनाही जागा नव्हती. कंट्रोल, ऑल्ट आणि एफ 3 एकदम दाबून काळ्या पडद्यावर गेलो, तिथून लॉगिन झालं. लॉग आणि कचरापेटी साफ केली, प्रश्न मिटला.

---

डिस्कमधून टक-टक आवाज येत असेल तर वरचं काहीही करू नका. चेकडिस्क (विंडोजची डिस्क तपासणी) तर मुळीच नको, मरायला टेकलेल्या डिस्कला ते आणखी राबवतं. महत्त्वाच्या फाइली असतील तर मशीन बंद करून डेटा काढून देणाऱ्यांकडे न्या. आवाज नाही, नुसती मंद झालीय, तर लिनक्सच्या पेनड्राइव्हवरून सुरू करा आणि सर्वांत गरजेचं आधी उतरवून घ्या.

---

माझं अजून सुटलेलं नाही. रात्रभर बंद असलं की पहिल्यांदा पंखा जरासा हलतो आणि थांबतो. चार-पाचदा बटण दाबलं की सुरू होतं आणि मग दिवसभर कुरकुर नाही. रॅम आणि सेल पाहून झालं.

---

थंड असताना नखरे आणि तापल्यावर शहाणं, म्हणजे पहिला संशय एसएमपीएसवर (कॅबिनेटमधला वीज पुरवणारा डबा). त्यातले कपॅसिटर जुने झाले की असं होतं. कोणाचा तरी चांगला एसएमपीएस एका रात्रीसाठी मागून लावून बघा. तुमचा उघडू मात्र नका, वायर काढल्यावरही आत जोराचा झटका बसेल एवढा चार्ज राहतो.

---

शेजाऱ्यांकडे आहे, उद्या मागतो. सकाळी काय झालं ते इथेच लिहीन.