मुलांबरोबर ‘होल्ड फास्ट’ वाचताना

ब्लू बॅलिएट यांची ही 2013ची रहस्यकथा. शिकागोच्या मुख्य ग्रंथालयात काम करणारे बाबा अचानक नाहीसे होतात, घर फोडलं जातं आणि 11 वर्षांची अर्ली आई व धाकटा भाऊ जुबी यांच्याबरोबर बेघरांच्या निवाऱ्यात येऊन पडते. मुलांबरोबर वाचताना नेमकं काय उपयोगी पडतं ते इथे लिहिलंय. शेवट फोडलेला नाही.

– नावापासून सुरुवात करा. ‘फास्ट’ म्हणजे भरभर, असं मुलं धरून चालतात. इथे अर्थ आहे घट्ट. अमेरिकन कवी लँग्स्टन ह्यूज यांची ‘होल्ड फास्ट टू ड्रीम्स’ अशी सुरू होणारी ‘ड्रीम्स’ ही 8 ओळींची कविता आधी मोठ्याने वाचा, म्हणजे वेगळं सांगावं लागत नाही.

– ह्यूज यांच्याच ‘द फर्स्ट बुक ऑफ रिदम्स’चं (1954) नाव आलं की तिथे खूण करा. ते शोभेपुरतं नाही.

– वहीत दोन रकाने: ‘अर्लीला माहीत’ आणि ‘फक्त आपल्याला माहीत’. हिऱ्यांच्या चोरीचं वाचकाला तिच्याआधी कळतं. रकाने मिसळले की मुलं तिलाच बावळट ठरवतात आणि रहस्याची मजा जाते. चुकलेला तर्क खोडू नका. शेजारी प्रकरणाचा क्रमांक टाका.

– ‘दुसरं घर भाड्याने का घेत नाहीत?’ हा प्रश्न येणारच. गणित मांडून दाखवा. समजा भाडं 800 डॉलर आणि अनामत तेवढीच, तर किल्ली मिळण्याआधी 1600 रोख हवेत. पगार बंद, सामान विस्कटलेलं, लहान पोर कडेवर. मग आई आळशी वाटत नाही. हे गणित निवाऱ्याच्या प्रकरणांआधीच करा. नंतर केलं तर मुलांचं मत झालेलं असतं.

– शाळेचं राहिलं. अमेरिकेत 1987चा मॅकिनी-व्हेंटो कायदा आहे. घर गेलेल्या मुलाला जुन्याच शाळेत राहता येतं, कागदपत्रं नसली तरी प्रवेश नाकारता येत नाही. नाइलाजाने नातेवाइकांकडे दाटीवाटीने राहणारी मुलंही त्यात धरतात. बेघर म्हणजे फक्त फुटपाथवरचे, ही समजूत इथे सुटते.

– शिकागोचा नकाशा भिंतीवर लावा. अर्लीचं घर होतं ते वुडलॉन ते बाबांचं स्टेट स्ट्रीटवरचं हॅरॉल्ड वॉशिंग्टन ग्रंथालय साधारण 12 किलोमीटर. कथा ऐन हिवाळ्यातली, हे अंतर कळलं की थंडी आपोआप कळते.

– वर्गात वाचणार असाल तर ‘तुमच्या घरी असं झालं तर?’ हे कृपया विचारू नका. एखाद्याच्या घरी झालेलं असतं. अर्लीबद्दलच विचारा: तिने पिशवीत आधी काय भरलं असतं?